पाऊण इंच म्हणजे ३ एप्रिल: एका पाइप-पेढीच्या मास्टर सफाईच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

काम सुरू. सांगलीतली पाइप, फिटिंग आणि पाण्याच्या मोटरींची घाऊक पेढी. कऱ्हाड आणि जतला एकेक शाखा. तिन्ही ठिकाणी हिशेबाचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि त्यावर दादांनी (मालक अण्णांचा धाकटा मुलगा, आता कारभार तोच बघतो) स्वतः वाढवलेल्या एक्सेलच्या फायली. १ एप्रिलपासून तिन्ही दुकानं एका सॉफ्टवेअरवर आणायची. सॉफ्टवेअर घेऊन झालंय. माझ्याकडे आलंय ते नावांचं काम: आयटम मास्टर (मालाची मूळ यादी), पार्टी मास्टर (गिऱ्हाइकं आणि पुरवठादारांची मूळ यादी), आणि पुढे कुणी काय कसं टाइप करायचं त्याचे नियम.

दादांचं म्हणणं, "मॅडम, सगळं कॅपिटल करा, जादा स्पेस काढा, डबल नावं उडवा. दोन दिवसांत होईल." मी तीन आठवडे सांगितले. अण्णा गल्ल्यावरून म्हणाले, "पाडव्याला पहिलं बिल नव्यावर निघायला पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा." पाडवा ३० मार्चला, रविवारी. तारीख ठरली म्हणायची.

तिन्हीकडचे मिळून आयटम ११,३४०. दादांच्या अंदाजाने खरा माल साडेतीन हजारांच्या पुढे नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज दिवसभर एकच गोष्ट. जतच्या फाइलमध्ये एल्बोची (पाइप वळवायचा जोड) साइज ४५३२३ आहे. टीची ४४९५८. एका जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) निपलची ३७२५७.

आधी वाटलं कंपनीचे कोड असतील. मग डोक्यात प्रकाश पडला: हे एक्सेलचे दिवस आहेत. एक्सेल तारीख आतमध्ये १९०० सालापासूनच्या दिवसांच्या मोजणीत ठेवतं. कुणीतरी अर्धा इंच म्हणून १/२ लिहिलं, एक्सेलने ते १ फेब्रुवारी समजून घेतलं, आणि पुढे फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओढताना तारखेचा वेष गळून नुसता आकडा उरला. ४४९५८ म्हणजे १ फेब्रुवारी २०२३, ४५३२३ म्हणजे १ फेब्रुवारी २०२४. वर्ष न लिहिलेल्या तारखेला एक्सेल चालू वर्ष चिकटवतं. त्यामुळे तोच अर्धा इंच दर वर्षी नवा आकडा घेऊन आलाय. आयटम केव्हा टाइप झाला ते साइजवरूनच कळतंय! पाऊण इंच सगळा ३ एप्रिल झालाय.

दीड इंचाची गंमत निराळी. १-१/२ लिहिलं की ती पूर्ण तारीखच होते, १ जानेवारी २००२, म्हणून ३७२५७. सव्वा इंच, १-१/४, तो १ जानेवारी २००४, ३७९८७. अडीच इंच २ जानेवारी २००२.

नशीब एवढंच की परतीची वाट शाबूत आहे. दिवस आणि महिना (दीड-सव्वाच्या बाबतीत वर्षही) काढला की मूळ अपूर्णांक मिळतो. कऱ्हाडच्या एका संगणकावर तारीख अमेरिकी पद्धतीने लावलेली आहे, तिथे १/२ चा २ जानेवारी झालाय. पण २/१ नावाची साइज जगात नसल्यामुळे तिथेही गोंधळ होत नाही. संध्याकाळपर्यंत छोटा प्रोग्रॅम लिहून ६१२ साइजी परत आणल्या. त्यातल्या पन्नासेक हाताने तपासल्या.

नियम १ (कच्चा): साइजच्या रकान्यात अपूर्णांक लिहायचाच नाही. यादीतून निवडायचा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल रात्री मी हुशारी केली. इंच आणि मिलिमीटर दोन्ही आहेत, तर सगळं मिलिमीटरमध्ये आणू म्हटलं. अर्धा १५, पाऊण २०, एक २५, सव्वा ३२, दीड ४०, दोन ५०, अडीच ६५, तीन ८०. जीआय पाइपचा हा कोष्टक कुठल्याही दुकानात भिंतीवर असतो. सगळ्या मालाला लावला. एकदम ९०० डबल नावं सापडली. खूश होऊन झोपले.

सकाळी यादी छापून गोदामात मामांकडे नेली. मामा अठ्ठावीस वर्षं गोदामात आहेत, संगणकाला हात लावत नाहीत. त्यांनी चष्मा वर केला, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही दोन नावं एक केली तुम्ही?" एक होतं 'पीव्हीसी पाइप २ इंच', दुसरं 'पीव्हीसी पाइप ५० मिमी'. मी हो म्हणाले. मामा आत गेले, दोन तुकडे घेऊन आले आणि एकावर दुसरा ठेवला. बसेना.

मग तिथेच पोत्यावर बसून शिकले. शेतीचा पीव्हीसी पाइप (भारतीय मानक ४९८५ चा) बाहेरच्या व्यासावर ओळखतात. शेतकरी ज्याला दोन इंची म्हणतो तो ६३ मिलिमीटर, अडीच इंची ७५, तीन इंची ९०, चार इंची ११०. त्यात ५० मिलिमीटरचा पाइपही असतो, पण तो दीड इंची. आणि घराच्या प्लंबिंगचा पांढरा पाइप, त्यात ५० मिलिमीटर म्हणजे दोन इंची. म्हणजे एकाच दुकानात, शेजारच्या मांडणीवर, '५० मिमी' या शब्दाचे दोन अर्थ. जीआयमध्ये आणखी तिसरं, तिथे आकडा आतल्या पोकळीच्या नावाने चालतो.

मामा म्हणाले, "इंच हे गिऱ्हाइकाच्या तोंडातलं माप आहे. पाइपावर छापलंय ते कारखान्याचं. दोन्ही पायजेत."

माझ्या ९०० 'डबल नावां'पैकी किती खरोखर डबल होती ते आता मोजवत नाही. बॅकअप होता. सगळं उलटं फिरवलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

कालचं अजून डोक्यात आहे. दोन नावांतला फरक दिसला की तो मी टाइप करणाऱ्याचा निष्काळजीपणा समजत होते. 'पी.व्ही.सी.' आणि 'पीव्हीसी' हा तसा फरक आहे खरा. पण '२ इंच' आणि '५० मिमी' हा माल वेगळा असल्याची खूण होती आणि ती मी पुसायला निघाले होते. पुसण्याआधी प्रत्येक फरकाला विचारायचं, तू कुणाच्या कामाचा आहेस.

साइजचे आता तीन रकाने: पाइपाची जात (शेती, प्लंबिंग, जीआय, सीपीव्हीसी, एचडीपीई), छापील माप, बोलीतलं माप. डबल ठरवायचं तर जात आणि छापील माप दोन्ही जुळले पाहिजेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

आणखी एक बळी. '३ इंच ६ केजी' मधला सहा किलो माझ्या प्रोग्रॅमने वजनाच्या रकान्यात टाकला होता. तो दाब आहे, दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो सोसणारा पाइप. गिऱ्हाईक 'सहा किलोचा द्या' असंच मागतं. दाबाला वेगळा रकाना, यादी: २.५, ४, ६, ८, १०. मात्र नट-बोल्ट खरोखरच किलोवर जातात, त्यांचं 'केजी' तसंच राहिलं.

एल्बो आणि बेंड एक करू नका, असं मामांनी न विचारता सांगितलं. बेंडचं वळण लांब असतं. कॉलर, कपलर आणि सॉकेट मात्र बऱ्याचदा एकच वस्तू: शेतकरी कॉलर म्हणतो, पीव्हीसीचा कॅटलॉग कपलर, जीआयवाला सॉकेट. मुख्य नाव कपलर, बाकीची दोन 'इतर नावं' या रकान्यात, म्हणजे काउंटरवर 'कॉलर' टाइप केलं तरी माल समोर येईल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पार्टी मास्टर उघडला.

सांगलीच्या यादीत सुमारे १४० पार्ट्यांच्या नावाआधी टिंब आहे. '. पाटील बंधू'. काहींना दोन टिंबं. दादांना विचारलं, ते म्हणाले टायपिंगची चूक असेल, उडवा. आठवड्यापूर्वी मी उडवली असती. आज काउंटरवर बिलिंग करणाऱ्या ताईंना विचारलं.

ताई हसल्या. "अहो, टिंब म्हणजे उधार द्यायची नाही. दोन टिंबं म्हणजे अण्णांना विचारल्याशिवाय मालच द्यायचा नाही." टिंब लावलं की यादीत ती नावं सगळ्यात वर येतात, गर्दीत एका नजरेत दिसतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असा रकानाच नव्हता, म्हणून ताईंनी नावाच्या डोक्यावर टिंबाचं कुंकू लावून टाकलं. अण्णांना माहीत होतं. दादांना नाही!

नव्यात 'उधारी' हा रकाना: चालू, बंद, अण्णांना विचारून. टिंबांवरून भरला, मग नावं साफ केली. पडद्यावर बंद पार्टी लाल दिसेल. ताईंची अट, लाल नको, गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि पडदा त्यालाही दिसतो. बरोबर आहे. करडा रंग केला.

कऱ्हाडच्या यादीत शेवटी 'जुना' लिहिलेली नावं आहेत. हेही काहीतरी असणार. कऱ्हाडला फोन करायचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

'जुना' म्हणजे वाटणी होण्याआधीचं खातं. भाऊ वेगळे झाले, दोघांची दोन नवी खाती, जुन्यावर येणं बाकी. उडवायचं नाही, जोडायचंही नाही.

नावांचे नियम अण्णांबरोबर बसून केले. आपल्याकडे आप्पासो, बाबासो, दादासो लिहायची पद्धत. प्रोग्रॅमने 'सो' चं 'साहेब' करायला मी तयार नाही, कारण काहींच्या आधारवर 'आप्पासो' हेच नाव आहे. 'श्री.', 'मे.', 'मेसर्स' नावातून काढून वेगळ्या रकान्यात. कायदेशीर नाव जीएसटी नोंदणीवर आहे तसंच, अक्षराला अक्षर. आणि तिसरा रकाना हाक मारायच्या नावाचा, त्यात काहीही चालेल: 'मळ्यातले', 'पोल्ट्रीवाले', 'विहीरवाले तात्या'. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात तेव्हा हाच रकाना उपयोगी पडतो, पॅन नाही.

इंग्रजी नावांना पहिलं अक्षर मोठं आणि बाकी लहान करणारं एक्सेलचं सूत्र वापरू नये, ही ताकीद दादांना परत दिली. त्याने पीव्हीसीची मागची दोन अक्षरं लहान होतात. इंग्रजी आयटम सरसकट मोठ्या अक्षरांत. ते दिसायला भांडल्यासारखं दिसतं, पण कुणाला विचार करावा लागत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

'कऱ्हाड' शोधलं तर ४१ पार्ट्या आल्या, आणि असायला हव्यात तिप्पट. 'कराड' लिहिलेल्या वेगळ्या, त्या सापडल्या. तरी हिशेब लागेना.

मग अक्षरांच्या आत डोकावले. आपला हा आडवा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक: ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग ह. दुसरी: साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक, मग ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, छापल्यावरही. संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द. युनिकोडची (संगणकात अक्षरं साठवायची जागतिक पद्धत) ठरलेली एकरूपीकरणाची पद्धत चालवून पाहिली. ती या दोघांना एक करत नाही. आपलं आपल्यालाच करावं लागतं. कुठल्या मशीनवर कुठला कीबोर्ड आहे त्यावर र ठरतो.

तसंच 'ॲल्युमिनियम'. एक ॲ एकसंध, २००८ साली युनिकोडमध्ये आलेला. दुसरा अ वर चंद्र ठेवलेला. तिसरा ऍ, म्हणजे ए वर चंद्र, जुन्या कीबोर्डवरून आलेला. ॲल्युमिनियमची शिडी आमच्याकडे तीन प्रकारची निघाली, भाव मात्र एकच.

उपाय: पडद्यावर दिसणारं नाव एक, आणि त्यामागे एक छुपं नाव, फक्त शोधासाठी. छुप्या नावात न दिसणारे जोडक काढून टाकते, दोन्ही आडवे र साधे करते, तिन्ही ॲ एक, ह्रस्व-दीर्घ एक, टिंबं आणि स्पेस गायब. मग 'पीव्हिसि' लिहिलं तरी सापडतं. पण दोन नोंदी एकमेकींत विलीन करायच्या तर या छुप्या नावावर कधीच नाही. शोधताना सैल, जोडताना घट्ट.

साठवायचं रूप: ऱ स्वतंत्र, ॲ एकसंध. गाव 'कऱ्हाड', 'कराड' हे इतर नावांत. अण्णांना 'कराड'च आवडतं, पण शेवटी ऐकलं.

जाता जाता: वेबवरून चिकटवलेल्या नावांत एक न तुटणारी स्पेस येते. एक्सेलची जादा स्पेस काढणारी सोय तिला हात लावत नाही, तिला फक्त साधी स्पेस कळते. अर्धा तास त्यात गेला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. दुकान बंद. जुन्या बिलांची एक फाइल उघडली, सगळी अक्षरं कचरा. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी: फाँट असेल तर देवनागरी दिसते, आत सगळी रोमन चिन्हं. ती फाइल बाजूला. २०१५ च्या आधीचं आहे, कुणाला लागणार नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जीएसटी क्रमांक. पंधरा अक्षरं, आणि नावांच्या मानाने हे काम किती सुखाचं! पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं पॅन. तेरावं त्या पॅनची त्या राज्यातली कितवी नोंदणी ते. चौदावं सहसा झेड. पंधरावं आधीच्या चौदांवरून गणिताने निघतं, छत्तीसने भागाकार करून. एखादं अक्षर चुकलं तर ते पकडतंच.

चुका बहुतेक एकाच घराण्यातल्या: शून्याच्या जागी ओ, एकच्या जागी आय. पॅनमध्ये पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर, हे पक्कं असल्यामुळे जागेवरून कळतं काय असायला हवं. ८३ क्रमांक असे दुरुस्त झाले, २६ कशानेही जुळेनात, ते जीएसटीच्या पोर्टलवर नावाशी ताडून बघायचे. गणित जुळणं म्हणजे क्रमांक त्याच पार्टीचा आहे असं नाही, हे दादांना दोनदा सांगितलं.

पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: व्यक्ती, भागीदारी, कंपनी, एकत्र कुटुंब. आमच्या 'पार्टीचा प्रकार' या रकान्यात सगळ्यांना 'मालकी' लिहिलं होतं, कारण यादीत ते पहिलं होतं. तो रकाना भरायला आता कुणाला लावायचंच नाही, क्रमांकावरून आपोआप.

यादीतल्या पहिल्या नावाची खोड इथेच संपत नाही. जतहून अथणी, विजयपूरकडची गिऱ्हाइकं येतात. त्यांचे क्रमांक २९ ने सुरू होतात आणि राज्य मात्र 'महाराष्ट्र'. राज्याचा कर की आंतरराज्य कर, याची चूक इथून सुरू होते. नियम: यादीत आधीपासून काहीही निवडलेलं नसावं. रिकामं राहिलेलं दिसतं. चुकीचं भरलेलं दिसत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गावं. 'कवठे' नावाच्या ६२ पार्ट्या. कवठे महांकाळ, कवठे एकंद, कवठे पिरान. ताईंना आवाजावरून कळतं कोण कुठला, सॉफ्टवेअरला कळत नाही. टेम्पो मागच्या वर्षी चुकीच्या कवठ्याला गेला होता असं ड्रायव्हर सांगतो. पिनकोड भरल्याशिवाय नोंद जतन होणार नाही असं केलं. पिन सहा आकडी, शून्याने सुरू होत नाही. सांगली ४१६४१६, कऱ्हाड ४१५११०. एका पिनखाली अनेक गावं येतात, म्हणून गाव आणि पिन अशी जोडी.

पुरवठादार बाहेरगावचे. एकच कंपनी औरंगाबाद, छ. संभाजीनगर, संभाजी नगर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार ठिकाणी. जुनी नावं 'इतर नावं' मध्ये, छापायचं नाव आजचं. पण जुन्या सॉफ्टवेअरचा गावाचा रकाना वीस अक्षरांचा, आणि इंग्रजीत हे नाव स्पेस धरून पंचवीस. मराठीत सतरा चिन्हं, पण साठवणीत ४९ बाइट, कारण प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन लागतात. नव्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, तुमची मर्यादा अक्षरांत की बाइटमध्ये? दोन दिवसांनी उत्तर आलं, "चालेल." लांबलचक नाव टाकून स्वतः तपासलं. चाललं.

४ मार्च, मंगळवार

फोन नंबर. एक्सेलने ०२३३ चा शून्य खाल्लाय, सांगलीचे सगळे जुने लँडलाइन २३३ ने सुरू होतात. बँक खात्यांचं त्याहून वाईट: एक्सेल आकडा पंधरा अंकांपर्यंतच खरा ठेवतं, सोळावा शून्य करून टाकतं. नऊ पुरवठादारांच्या खात्यांचा शेवटचा आकडा संशयास्पद शून्य. तो परत येत नाही. प्रत्येकाकडून रद्द केलेला चेक मागवला. जे मोजायचं नाही ते आकड्यात असलं तरी अक्षर म्हणूनच साठवायचं.

जतच्या शाखेत मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत टाकतात. नव्या फॉर्मने ते चुकीचे म्हणून नाकारले. गंमत अशी की मागच्या बाजूला पायथॉनमध्ये लिहिलेली तपासणी तेच आकडे बिनतक्रार घेते. समोरच्या जावास्क्रिप्टच्या तपासणीला फक्त इंग्रजी आकडे कळतात. दारवान अडवतो आणि घरातले या म्हणतात. मी दारवानाला सांगितलं, अडवू नकोस, इंग्रजी आकडे करून आत सोड. टाइप करणाऱ्याने आपलं बोट बदलायचं कारण नाही.

१० मार्च, सोमवार

एकक. जीएसटीच्या एककांच्या ठरलेल्या यादीत नग आहे, मीटर आहे, चौरस फूट आहे, वार आहे. साधा फूट नाही. आणि आमचं अर्धं दुकान फुटावर चालतं. पाइप येतो सहा मीटरचा, सगळे त्याला वीस फुटी म्हणतात, पण सहा मीटर म्हणजे १९ फूट ८ इंच. कापून फुटावर विकला की दर पाइपामागे सुमारे चार इंच माल कागदावर उरतो आणि गोदामात नसतो. मामांच्या 'शिल्लक जुळत नाही' या वार्षिक तक्रारीचं एक कारण हे निघालं. मामांनी मान डोलावली, "मला वाटायचं उंदीर खातात."

साठवण मीटरमध्ये, काउंटरवर फूट टाइप करायची मुभा, बिलावर दोन्ही.

एचएसएन (जीएसटीसाठी मालाचे ठरलेले कोड) सहा आकडी केले. पाइप आणि फिटिंग सगळेच ३९१७ खाली होते; आता कडक पीव्हीसी पाइप ३९१७२३, फिटिंग ३९१७४०. पंप ८४१३ मध्ये, व्हॉल्व्ह ८४८१ मध्ये. सीएकडून पक्कं करून घेतलं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. काम नाही.

१८ मार्च, मंगळवार

बिल क्रमांक. दादांनी सुचवला तो असा: शाखेचं पूर्ण नाव, तिरकी रेघ, २०२५-२६, तिरकी रेघ, सहा आकडे. सांगलीसाठी इंग्रजीत मोजले तर एकवीस. नियमात सोळाच्या वर चालत नाही, आणि खुणांपैकी आडवी नि तिरकी रेघ एवढ्याच. शाखेचं एक अक्षर, २५२६, पाच आकडे. रेघा धरून बारा. दादा खट्टू. सुटसुटीत आहे म्हणून अण्णा खूश.

२४ मार्च, सोमवार

चाचणी. सकाळी अकराची गर्दी, ताई नव्या पडद्यावर, मी मागे उभी. पहिल्या तीन बिलांत कळलं की मी सगळं माझ्यासाठी केलंय. जात निवडा, माप निवडा, दाब निवडा: माउसला हात चार वेळा. जुन्यात ताई 'प३६' लिहायच्या आणि एंटर. समोर सात गिऱ्हाइकं. एक प्लंबर म्हणाला, "ताई, नवीन संगणक बिघडलाय काय?"

दुपारी बसून ताईंच्या खुणा लिहून घेतल्या. 'प३६' म्हणजे शेतीचा पाइप, तीन इंची, सहा किलो. 'ए१' म्हणजे एक इंची प्लंबिंग एल्बो. अशा दीडशेच्या वर, सगळ्या डोक्यात, कुठेही लिहिलेल्या नाहीत, आणि माझ्या तीन रकान्यांशी तंतोतंत जुळणाऱ्या. जात, माप, दाब. सहा आठवडे खपून जी रचना मी काढली ती ताईंच्या बोटात आधीपासून होती.

त्या खुणा जशाच्या तशा प्रत्येक आयटमला जोडल्या. रकान्यांतून निवडणं फक्त नवा आयटम उघडताना, आणि ते काम दोघांनाच: ताई आणि कऱ्हाडचे मॅनेजर.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

पहिलं बिल सकाळी साडेनऊला निघालं. कीबोर्डला हळदकुंकू, पडद्याला हार. एक पाकळी किल्ल्यांच्या मध्ये गेली, ती चिमट्याने काढली. मुहूर्ताचा माल अर्ध्या इंचाची एक जीआय सॉकेट, गिऱ्हाईक मामा. बिलावर 'अर्धा इंच' स्वच्छ छापलं गेलं. आर्थिक वर्ष परवापासून, म्हणून मुहूर्ताचं बिल जुन्या वर्षात वेगळ्या क्रमांकाने धरलं, सीए कुरकुरले.

शेवटचा आकडा: ११,३४० वरून ३,९०६. दादांच्या अंदाजापेक्षा चारशे जास्त. ते चारशे बहुतेक मामांच्या बोटाखाली वाचलेले आहेत.

५ एप्रिल, शनिवार

पहिल्या आठवड्यात नवे आयटम १७ उघडले. दोन डबल, दोन्ही माझे.

१९ एप्रिल, शनिवार

शेरा हा मोकळा रकाना आहे, त्यात काहीही लिहिता येतं. आज सहज चाळला. ताईंनी ३४ पार्ट्यांच्या शेऱ्यात नुसता स्वल्पविराम टाकलाय. विचारलं. "उधारी चालू आहे, पण चेक घ्यायचा नाही, रोख किंवा ऑनलाइनच." मी 'उधारी' च्या रकान्यात चौथा पर्याय वाढवला. पुढच्या शनिवारी पुन्हा चाळायचा.

सोमवारी जत. तिथे दोन मशीनवर दोन कीबोर्ड आहेत, ॲ अजून दोन तऱ्हांचा येतोय. शिवाय नव्या मॅनेजरांनी दर आठवड्याची यादी परत एक्सेलमध्ये उतरवायला सुरुवात केलीय असं ऐकते. साइजचा रकाना आधी बघायचा.